उसवलेली शिवण

कीर्तनकाराला दृष्टांत शोधायला फार लांब जावे लागत नाही, आणि लांब जाऊन आणलेला दृष्टांत श्रोत्यांच्या फारसा उपयोगी पडतही नाही. ह्या वेळचा आमचा दृष्टांत आमच्याच ओसरीवर पसरलेला होता.

झाले असे की, आमची नात ह्या पावसाळ्यात पुण्यास वसतिगृहात राहून शिकायला जाणार, हे ठरले. तेव्हा तिच्या आजीने चैत्रातच गोधडी शिवायला घेतली. खाली आमच्या मातोश्रींचे एक अख्खे लुगडे, मध्ये आमच्या दोन जुन्या धोतरांचे थर, आणि वर तुकड्यांना तुकडे जोडून केलेला पट. त्यात मातोश्रींच्याच दुसऱ्या लुगड्याचे काठ, आमचे उपरणे, नातीचे लहानपणचे परकर, असे सगळे घर आले. कडेने चौफेर धावदोरा घालीत आत आत यायचे, ही तिची रीत. निम्मी गोधडी झाली आणि एके दिवशी दुपारी झटकताना मधलीच एक शिवण वीतभर उसवली. मातोश्रींच्या लुगड्याचा तुकडा एकीकडे, आमचे उपरणे दुसरीकडे, आणि फटीतून आतले धोतर डोकावू लागले.

नात म्हणाली, "आजी, वरून चार टाके मार ना. कोणाला दिसतंय?"

आम्ही पडलो शास्त्री. आम्ही म्हणालो, "छे, छे. मुळातच दोष राहिला. सगळी उसव आणि पहिल्यापासून घाल."

आजीने दोघांचेही ऐकून घेतले आणि दोघांचेही केले नाही. तिने आधी फटीत बोट घालून पाहिले. दोरा तुटला की कापड सुटले, हे तिला पाहायचे होते. दोरा धड होता. जोडताना शिवणीत कापड कमी धरले गेले होते, आणि लुगडे विरलेले, म्हणून त्याचे धागे टाक्यांतून निसटले. मग तिने कात्रीचे टोक घेतले आणि फटीच्या दोन्ही अंगांची चांगली, घट्ट शिवण चार चार बोटे उसवायला सुरुवात केली! आम्हांस राहवेना. "अगं, जी बरी आहे ती कशाला उसवतेस?"

"अहो, बरी आहे तीच सोडवली नाही तर कडा हातात यायच्या कशा? तिथल्या तिथं ओढून जुळवलं तर चुणी पडेल. आणि नव्या टाक्याचा ताण शेजारच्यावर जाईल. उद्या तिथं फाटेल."

मग तिने दोन्ही कडा सैल केल्या, विरलेल्या लुगड्याखाली धड कापडाची पट्टी घातली, ती पट्टी जेथे लुगडे अजून मजबूत होते तेथपर्यंत नेली, आणि उलट टाका घालून शिवण पक्की केली. वरचा धावदोरा नंतर. दुपार गेली.

आम्ही मात्र त्या एका वाक्यावर अडकून राहिलो. जे बरे आहे तेच सोडवले नाही तर कडा हातात यायच्या कशा?

लहानपणी पाठशाळेत तर्कसंग्रह घोकताना पटावर आमचे मोठे वाद चालत. नैयायिकांचे म्हणणे असे की, पटातून एक तंतू काढला तर तो पट नाहीसा होतो, आणि उरतो तो खंडपट, म्हणजे वेगळाच पट. त्या हिशोबाने आमची गोधडी त्या दिवशी दहा वेळा मेली आणि दहा वेळा जन्मली. पण त्याच नैयायिकांनी एक भेद फार उपयोगी करून ठेवला आहे. तंतू आणि पट यांचा संबंध तो समवाय; आणि मुळात वेगळ्या असलेल्या दोन वस्तू एकत्र येतात तो संयोग. संयोगाला विभाग संपवू शकतो. तुकड्याला तुकडा जोडला तो संयोग. म्हणजे जोडलेले उसवू शकते, ह्यात नवल काहीच नाही; आपण मात्र नवल करतो आणि दुखावतो.

आणि आमचे ते 'सगळी उसव' म्हणणे! ते शास्त्राला धरून आहे, असे आम्हांस उगाच वाटले होते. मीमांसक पाहा. याग चालू असता मध्येच भांडे फुटले, तर त्या निमित्ताची आहुती द्यावी आणि याग पुढे चालवावा, असे ते सांगतात. फुटल्याची नोंद घ्यायची, पण केलेले सगळे व्यर्थ मानायचे नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनालाही हीच धास्ती पडली होती की, निम्म्या वाटेवर घसरलेला साधक विरून गेलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो की काय. भगवंतांनी त्याला धीरच दिला आहे. तरी वारी एक वर्ष चुकली म्हणून माळ काढून ठेवणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना वाटते, हा कडकपणा आहे. आम्हांस तो आळस वाटतो. सगळे मोडून टाकणे सोपे असते; चार बोटे मोजून उसवणे अवघड.

असो. शास्त्रार्थ पुष्कळ झाला. खरी गोष्ट सांगायची ती पुढेच आहे, आणि ती सांगायला आम्हांस जड जाते.

आमच्या कीर्तनात तीस वर्षे एकच मृदंगी साथीला असत. पाच वर्षांपूर्वी एका सप्ताहात ऐन रंगात त्यांचा हात चुकला. आम्ही भर सभेत एक शब्द बोललो. विनोदाने बोललो, असे आम्ही स्वतःला सांगत आलो. लोक हसले. त्यांनी शेवटपर्यंत वाजवले, आरती झाली, आणि दुसऱ्या दिवशी ते दिसले नाहीत. दोन महिन्यांनी आम्ही एकाच्या हाती शाल-श्रीफळ पाठवले, निरोप धाडला. ते आले. तीन कीर्तने झाली आणि गाडीत कोणी कोठे बसायचे एवढ्यावरून पुन्हा बिनसले, ते कायमचे. मंडळी म्हणाली, माणूस तापट. आम्हीही म्हणालो, तापट.

म्हणजे नातीचेच चार टाके, फक्त शालीचे.

सोडवायला हवी होती ती चांगली शिवण कोणती, हे आम्हांस त्या दुपारी कळले. त्यांच्या मुलीच्या लग्नात आम्ही उभे राहिलो होतो. त्यांच्या दुखण्यात आम्ही उशाशी बसलो होतो. दहा गावांत त्यांचे नाव झाले ते आमच्या कीर्तनातून. हे सारे खरेच, आणि चांगलेच. परंतु क्षमा मागायला म्हणून मन उठले की हेच आडवे येई. 'इतके केले, आणि एका शब्दावर हा माणूस जातो?' आमच्या सत्कृत्यांचे टाके इतके घट्ट होते की, त्यांच्या दुःखाची कड आमच्या हाती येतच नव्हती. दुष्कृत्याचा पश्चात्ताप करावा, हे आम्ही आयुष्यभर सांगत आलो; पण सत्कृत्याची गाठही कधी सैल करावी लागते, हे आम्ही कधी सांगितले नाही, कारण आम्हांसच ठाऊक नव्हते.

आता कोणी म्हणेल, बुवा, मग काहीही उसवले तरी जोडतच बसावे काय? नाही. येथे आम्हांस आमची आणखी एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी एक लेक सासरचा मार सोसून माहेरी आली होती. तिच्या वडिलांनी आमचा सल्ला विचारला. आम्ही 'जुळवून घे, बाळ' असे सांगून तिला परत धाडले. ती वर्षाच्या आत पुन्हा परतली, तेव्हा तिचा हात मोडलेला होता. आम्ही जो टाका सांगितला तो कुजलेल्या कापडात सांगितला. अशा कापडात जितके टाके घालावे तितके ते अधिक फाटते, कारण प्रत्येक टाका म्हणजे एक नवे भोक. तेथे तो तुकडाच काढावा लागतो. आजीने म्हणूनच आधी बोट घालून पाहिले. आम्ही पाहिले नव्हते. आम्ही नुसते वचन सांगितले. ती मुलगी पुढे स्वतःच्या पायावर उभी राहिली, पण त्यात आमचे पुण्य काही नाही.

मृदंगी आणि आम्ही यांच्यामध्ये मात्र कापड धड होते. शिवणीत कमी धरले गेले होते. तीस वर्षांत आम्ही त्यांना एकदाही विचारले नव्हते की, आज चाल कोणती घेऊ.

आषाढी करून आलो आणि त्यांच्या घरी गेलो. शाल नेली नाही. त्यांचे दोन्ही मुलगे घरी होते, तेही बसले. त्या दिवशी आम्ही जो शब्द बोललो होतो, तो जसाच्या तसा त्यांच्यासमोर उच्चारला आणि म्हणालो, हे आम्ही बोललो, ते वाईट बोललो. लग्नाचे, दुखण्याचे काही काढले नाही. जिभेवर आले होते, गिळले.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सुनेला चहा टाकायला सांगितला. मग म्हणाले, "बुवा, हात चुकलाच होता माझा. पण हा धाकटा त्या दिवशी पहिल्यांदाच बापाचं वाजवणं ऐकायला पुढं बसला होता."

हे आम्हांस पाच वर्षे माहीत नव्हते. शब्द चारचौघांत गेला होता, म्हणून पुढच्या एकादशीच्या कीर्तनात चारचौघांतच तो परत घेतला. आता ते येतात. दर वेळी नाही, आणि पूर्वीसारखे आधी येऊन गप्पा मारीत बसत नाहीत. आलेल्या दिवशी चाल कोणती, ते आम्ही विचारतो.

गोधडी पुण्यास गेली. परवा नातीचा फोन आला होता. म्हणाली, "आजी, ऊब छान आहे, पण ती जोडलेली जागा पाठीला जाड लागते गं."

आजी म्हणाली, "मग ती बाजू पायाकडं घे."