नाव कुणापासून लपवायचं?

पहूरच्या स्टँडवर मे महिन्यात निम्म्या गावाचे चेहरे दिसत नाहीत. मुलींचे डोळे तेवढे स्कार्फबाहेर, बाप्यांच्या तोंडाला रुमाल. जळगाव जिल्ह्याचं ऊनच तसं. त्यावरून कुणी कुणाला भित्रं म्हणत नाही. फोनवर मात्र झाकलेलं नाव दिसलं की आपण संशयच घेतो.

भाचीने अकरावीच्या सुट्टीत मोबाइलवर पहिला व्हिडिओ करायला घेतला, तेव्हा आमचा सूर हाच होता. तिच्या मैत्रिणीच्या नावाने कुणीतरी खोटं खातं काढलं होतं. त्यामुळे निष्कर्ष आधीच तयार : नावाने बोलतो तो जबाबदार, नाव लपवतो तो भेकड.

त्याला पहिला धक्का अजिंठ्यात बसला. लेणी जवळच, म्हणून जाणं झालं. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने थेट चित्रावर आपलं नाव कोरलंय, तारखेसकट : २८ एप्रिल १८१९. ते आज माणसाच्या डोक्याच्या वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता आणि स्मिथसाहेब त्यावर उभे होते. चित्रं काढणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे, पण तो लेणं करवून घेणाऱ्याचा, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा. भाची म्हणाली, "मामा, इथं तर नासधूस करणाऱ्यानेच सही केलीय."

मग मी तिला रखमाबाईंची गोष्ट सांगितली. १८८५ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहाविरुद्ध 'एक हिंदू स्त्री' अशा सहीची पत्रं आली, ती त्यांची. लहानपणी लग्न लागलेल्या नवऱ्याने त्यांना नांदायला आणण्यासाठी कोर्टात दावा लावला होता. १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैदेची तयारी दाखवली. या बाईला भेकड कोण म्हणेल? सरकारी नोकरीतल्या गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रंही १८४८ पासून 'लोकहितवादी' याच नावाने आली. व्हिडिओचा निष्कर्ष खोडावा लागला.

मैत्रीण कॅमेऱ्यासमोर बोलायला तयार झाली, चेहरा स्कार्फमध्ये ठेवून. चित्रीकरण तिच्याच आजीला दाखवलं, तर आजीने पहिल्या वाक्यातच ओळखलं. आवाज, 'मले' म्हणायची ढब, बोलताना मनगट झटकायची लकब. मग तोच मजकूर दुसऱ्या मुलीकडून प्रमाण मराठीत वाचून घेतला. ओळख झाकली गेली, पण रागही गेला. माझ्या मते व्हिडिओतलं सर्वांत पडेल मिनिट तेच. तरी ते ठेवलं, कारण अब्रू तिची होती.

गावात सगळे ओळखतात, पण लेखी नोंद कुणी ठेवत नाही. चार दिवसांत विषय विरतो. नेटवर उलटं. समोरच्याला आपण कोण ते कळत नाही, पण सिमवाल्या कंपनीकडे ओळखपत्र असतं, अ‍ॅपकडे नंबर असतो, कधी आणि कुठून उघडलं याची नोंद असते. देशातलं पहिलं आधारही खानदेशातच दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. त्याच आधारला आव्हान देणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींच्या याचिकेवरून २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

म्हणून आता मी नाव झाकलंय का, हे विचारत नाही. कुणापासून झाकलंय, ते विचारतो. खोटं खातं काढणारा त्या पोरीपासून लपतो, पोरगी गावाच्या तोंडापासून. दोघांना एकाच तागडीत घालणं मला पटत नाही, आणि 'सगळ्यांना खऱ्या नावाची सक्ती करा' म्हणणारे नेमकं तेच करतात.

शेवटच्या पाटीवर मैत्रिणीने नाव नको म्हटलं. भाचीने स्वतःचं टाकलं, आडनावासकट. चॅनल काढताना फोन नंबर लागला. पोरीचा द्यायचा नाही, असं तिच्या आईने बजावलं, म्हणून मी माझा दिला. कंपनीच्या दप्तरी हा व्हिडिओ माझा आहे. त्यात मी एक शब्दही बोललेलो नाही.