गच्चीचा कठडा

वाचनासाठी शास्त्रभाग : अनुवाद २२:८, निर्गम २१:२८-३२



मोशेच्या नियमशास्त्रातील काही आज्ञा इतक्या साध्या आहेत की, त्या वाचून आपण सहज पुढे निघून जातो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन त्यांपैकीच एक होय. जो नवे घर बांधील त्याने गच्चीला कठडा करावा. न केल्यास आणि तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष त्याच्या घरावर येईल, असा त्या आज्ञेचा आशय आहे. कठड्यासाठी येथे योजलेला इब्री शब्द संपूर्ण जुन्या करारात याच एका ठिकाणी आढळतो. असा एकटा शब्द भाषांतरकाराला सहसा अडवून धरतो. येथे मात्र संदर्भच त्याचा अर्थ उलगडून सांगतो. पडणारा माणूस आणि त्याचा मृत्यू यांच्यामध्ये जे उभे राहते, तो कठडा.

त्या काळी गच्ची हा घराचा नित्य वापरातील भाग होता. राहाबेने गच्चीवर अंबाडी पसरली होती. पेत्र प्रार्थनेसाठी गच्चीवरच गेला होता. तेथे मुले खेळणार, कडेपर्यंत धावणार, हे नियम देणाऱ्याला ठाऊक होते. म्हणूनच ही आज्ञा पडणाऱ्याला उद्देशून नाही, ती घरधन्याला उद्देशून आहे. 'जपून चाल' असे मुलाला सांगून घरधनी मोकळा होत नाही. कठडा त्यालाच बांधावा लागतो.

आता आपल्या काळाकडे पाहा. दिल्लीला लागून असलेल्या गुडगावात, म्हणजे आजच्या गुरुग्राममध्ये, ११ डिसेंबर २००७ रोजी यूरो इंटरनॅशनल शाळेत आठवीच्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याच शाळेतील चौदा वर्षांच्या मुलावर गोळ्या झाडून त्याचा प्राण घेतला. मुलांमध्ये आधीपासून वैर होते. पिस्तूल त्या दोघांपैकी एकाच्या वडिलांचे होते, आणि तेही परवान्याचे. पुढे हरियाणातीलच यमुनानगर येथे २० जानेवारी २०१८ रोजी बारावीच्या विद्यार्थ्याने शाळेच्या मुख्याध्यापिकेला गोळ्या घालून ठार केले. ते रिव्हॉल्व्हरही वडिलांचे, परवान्याचेच होते. जुलै २०२४ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यात पाच वर्षांच्या मुलाने दप्तरातून पिस्तूल शाळेत आणले, आणि तिसरीतील दहा वर्षांचा मुलगा त्याच्या गोळीने जखमी झाला. प्रियजनहो, पाच वर्षांच्या मुलाला पिस्तूल बाजारात विकत मिळत नाही. कोणा मोठ्या माणसाच्या हातून निसटूनच ते त्याच्या दप्तरात येते.

नियमशास्त्रात मारक्या बैलाविषयीही नियम आहे. बैल मारका आहे हे धन्याला कळवलेले असूनही त्याने तो बांधून ठेवला नाही आणि त्याने कोणाचा जीव घेतला, तर दोष बैलापाशी थांबत नाही, तो धन्यापर्यंत पोहोचतो. बळी पडलेला मुलगा असो की मुलगी असो, न्याय तोच, असे तेथे मुद्दाम सांगितले आहे. देवाच्या न्यायात 'मला काय ठाऊक?' ही सबब ज्याला आधीच ठाऊक होते त्याच्या उपयोगी पडत नाही.

मानवी न्यायालयेही आज याच निष्कर्षाकडे येत आहेत. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ऑक्सफर्ड येथे ३० नोव्हेंबर २०२१ रोजी पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या शाळेतील चार विद्यार्थ्यांना ठार केले. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवस आधी विकत घेतले होते. नाताळची आगाऊ भेट म्हणून! त्याच दिवशी सकाळी मुलाने काढलेले भयंकर चित्र शिक्षकांना सापडले. आईवडिलांना बोलावण्यात आले. परंतु ते मुलाला घरी न नेता निघून गेले. दप्तर कोणीही उघडून पाहिले नाही. २०२४ मध्ये त्या दोघांनाही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून प्रत्येकी किमान दहा वर्षांचा कारावास देण्यात आला. शांतीच्या अधिपतीचा जन्मोत्सव आणि ती भेट! याहून दुःखद विसंगती कोणती?

कोणी म्हणेल, मुलांना शस्त्राविषयी सावधगिरी शिकवली म्हणजे झाले. शिकवावेच. शस्त्र दिसले तर थांब, हात लावू नकोस, तेथून दूर हो आणि मोठ्या माणसाला सांग, हे चार शब्द प्रत्येक मुलाला पाठ असावेत. परंतु अमेरिकेत असे धडे दिलेल्या मुलांची परीक्षा घेतली असता असे दिसले की, नियम बिनचूक म्हणून दाखवणारी पुष्कळ मुले एकटी असताना समोरची बंदूक हाती घेतातच. पाठांतर हा कठडा नव्हे. कुलूपबंद कपाट, रिकामे केलेले शस्त्र, वेगळ्या जागी कुलपात ठेवलेल्या गोळ्या आणि मुलाला न सापडणारी किल्ली, हा कठडा होय. परवाना मागणाऱ्याने सुरक्षेचे प्रशिक्षण घ्यावे, शस्त्र सुरक्षित ठेवावे, असे आपल्या देशाचे २०१६ चे नियमही सांगतात. लग्नकार्यात हर्षभराने गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षापात्र ठरले आहे. असे नियम धाब्यावर बसवले जातात, तेव्हा त्या धाब्याला कठडा नसतो.

आपण म्हणाल, 'आमच्या घरी तर पिस्तूल नाही.' बहुतेक ख्रिस्ती घरांत नसेलही. तथापि आपली मुले केवळ आपल्याच गच्चीवर खेळतात काय? ती मित्रांकडे, नातलगांकडे जातात. जिथे शस्त्र असू शकते अशा घरी मूल पाठवण्यापूर्वी 'ते कुलपात आहे ना?' असे विचारायला संकोच वाटतो. सैन्यात वा पोलिसांत असलेल्या आप्तांना विचारणे तर अधिकच अवघड वाटते. तरीही विचारावे. क्षणभराचा संकोच सोसणे हेही शेजाऱ्यावर प्रीती करणेच आहे.

आणखी एक कठडा लोखंडाचा नसतो. काइनाने हात उचलण्यापूर्वी देव त्याच्याशी बोलला. तुझे तोंड का उतरले, असे त्याने विचारले आणि दाराशी टपून बसलेल्या पापाविषयी त्याला सावध केले. काइनाने ऐकले नाही, हे खरे. परंतु देवाने विचारले होते. गुडगावातील वैर एका दिवसात उपजले नव्हते. शाळेतून उतरल्या चेहऱ्याने आलेल्या मुलाला गुणांपलीकडे आपण काय विचारतो? त्याला कोण छळते, तो कोणाला छळतो, हे ऐकून घेण्याइतका वेळ आपल्यापाशी असतो काय?

ज्याने लहान मुलांना जवळ घेऊन आशीर्वाद दिला, त्यानेच त्यांना अडखळण असणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट केली. त्याची माया आणि त्याचा इशारा एकाच मुखातून निघाले आहेत. या आठवड्यात आपल्या घराच्या गच्चीवर एकदा चढून पाहा. कठडा कोठे नाही, ते शोधा. आणि मूल वर येण्याआधी तो बांधा.

प्रार्थना : हे पित्या, तू आमच्या हाती सोपवलेली लेकरे तुझीच आहेत. आमच्या निष्काळजीपणाने कोणाच्याही घरी रक्तपाताचा दोष येऊ नये म्हणून आम्हांला जागे ठेव. ज्या घरांतील मुले परतली नाहीत आणि ज्या घरांतील मुलांच्या हातून जीव गेला, त्या दोन्ही घरांना तू सांभाळ. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.