थडग्यांकडे मागितलेला दाखला

अलिबागला सहलीला गेलं की किल्ला, किनारा आणि मासळी यांच्या जोडीला हल्ली नवगावची ‘दोन हजार वर्षांपूर्वीची ज्यू थडगी’ही दाखवतात. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना इथं पुरलं, असं कालच घडल्यासारखं सांगितलं जातं. वर कुणी डीएनएचा हवाला देतं. इस्रायलहून आजोळ बघायला आलेलं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचं, कुटुंबही माना डोलावतं. मला ते खटकतं. पूर्वजांना भेटायला आलेल्या माणसांना आपण नकळत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करतो.

गोष्ट सुरेख आहे, यात वाद नाही. चितपावन ब्राह्मणांच्या उगमाची, वाहून आलेल्या चौदा प्रेतांची कथाही याच किनाऱ्यावरची. समुद्रानं आणून टाकलेले पूर्वज कोकणात कुणा एकाच्या मालकीचे नाहीत. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून झालेली त्यांची ओळख, त्यांना यहुदी म्हणून ओळखणारा डेव्हिड राहाबी, धर्म शिकवायला आलेले कोचीनचे शिक्षक, मिशनरी जॉन विल्सन, 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत बांधलेलं सिनेगॉग. विसरलेला धर्म असा आठवला, असं म्हणतात.

आठवला? सुंता चालू होती, शब्बाथ पाळला जात होता, ‘शेमा’ ही प्रार्थना तोंडपाठ होती, बिनखवल्याची मासळी ताटात येत नव्हती. नवस फेडायला एलियाहू हनाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावानं मलिद्याचा विधी होत होता. पोथी नव्हती, धर्म होता. एकोणिसाव्या शतकात नवीन आला तो प्रश्न: तुम्ही यहुदी, हे कशावरून? मिशनऱ्यांनी तो कुतूहलानं विचारला. मुंबईतल्या बगदादी यहुद्यांनी अंतर राखून, सोयरीक टाळून विचारला, आणि तो जास्त बोचला. मग प्रत्येक चालीला पूर्वपीठिका शोधावी लागली. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी 1897 मध्ये लिहून पूर्ण केलेला समाजाचा इतिहास (छापायला 1937 उजाडलं, तेही तेल अवीवला) मला या प्रश्नाचं लांबलचक उत्तर वाटतो. गलबताला ख्रिस्तपूर्व 175 च्या आसपासचा काळ जोडला गेला तो त्यातच. नवगावच्या निनावी उंचवट्यांवर तोवर श्रद्धा होती. आता त्यांनी दाखला द्यायचा होता.

साठच्या दशकात हाच प्रश्न इस्रायलच्या रब्बींनी विचारला, आणि लग्नाची नोंद अडवून विचारला: आईकडच्या पिढ्या तपासा. कोकणातून गेलेल्या माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. अखेर 1964 मध्ये क्नेसेटनं, म्हणजे इस्रायलच्या संसदेनं, त्यांना सर्वार्थानं यहुदी मानलं. इकडे महाराष्ट्र सरकारनं यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तो 2016 मध्ये.

त्याच वर्षी ज्याचा हवाला सगळे देतात, तसला एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. तो नीट वाचणारे कमी. मध्यपूर्वेतले यहुदी आणि इथले लोक यांची सरमिसळ 19 ते 33 पिढ्यांपूर्वीची, असं तो सांगतो. म्हणजे फार तर हजारेक वर्षं. गलबत त्याआधी कधी आलं, आलं की नाही, यावर तो काहीच बोलत नाही. शिवाय या सरमिसळीत यहुदी वाटा पुरुषांकडून जास्त, इथला वाटा बायकांकडून जास्त. रब्बींनी ज्या आईकडच्या पिढ्या तपासायला सांगितल्या, त्यांतल्या कित्येक जणी गलबतातून उतरल्याच नव्हत्या; त्या रोहा-पेणच्या आसपासच्याच असणार. पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही, आणि खरं तर नातेवाईक शोधायला आलेल्यांना एवढी मोठी बातमी दुसरी नाही.

सात जोडप्यांची गोष्ट जरूर सांगावी, गोष्ट म्हणून. पण नवगावहून अलिबागला परतताना पाहुण्यांना त्यांचं आडनाव विचारावं. रोहेकर असतील तर गाडी रोह्याकडे वळवावी, पेणकर असतील तर पेणकडे. रायगड जिल्ह्यातल्या जुन्या दफनभूमींत हिब्रूखाली मराठीत नावं कोरलेले दगड आहेत, काही झाडोऱ्यात बुडालेले. खापरपणजीचं नाव त्या दगडांवर वाचता येण्याचा संभव आहे, आणि आसपासच्या वस्तीत अजून घरांची ओळख सांगणारे शेजारी भेटतात. नवगावात यातलं काही मिळत नाही.