खावटीचा हिशेब

कर्जत तालुक्यातल्या एका कुळाला दोन मुलगे. थोरला मुंबईच्या गिरणीत, धाकटा बापाबरोबर भातशेतीत. दुसरं महायुद्ध पेटलं, सैन्याला कापड लागू लागलं, थोरल्याच्या पाळ्या वाढल्या. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं, त्याचा अर्थ गावाला आषाढात कळला. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, भाव चढले आणि खावटी, म्हणजे खाण्यापुरतं उसनं धान्य, देताना सावकाराने हात आखडता घेतला. मण नेला तर सुगीला दीड मण, तेही आधी अंगठा उठवून.

या घराची चूल पेटली ती धान्यकोठीमुळे. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांनी शेतकऱ्यांसाठी अशा कोठ्या उभ्या केल्या होत्या. पावसाळ्यात भात न्यायचं, कापणी झाली की परत भरायचं. म्हातारीने ते सुपात घेऊन पाखडलं. सावकाराच्या भातात निम्मी फोलपटं असायची. इथे दाणे टपोरे होते.

ऑगस्टात ‘चले जाव’ झालं आणि भाईंनी आझाद दस्ता ही भूमिगत तुकडी उभारली. खोपोलीचं वीजघर 1915 पासून, भिवपुरीचं 1922 पासून मुंबईला वीज देत होतं. त्या तारांचे मनोरे दस्ता रातोरात कापू लागला. धाकटा त्यात गेला. पहाटे परते तेव्हा करवतीने तळहात सोललेले असत.

एके दिवशी थोरला तणतणत घरी आला. “वीज गेली, गिरणी बंद, माझी हजेरी बुडाली! लढाई इंग्रजाची, आपल्याला काय त्याचं?”

“तुझ्या मनिऑर्डरीत औंदा किती तांदूळ आला?” बापाने विचारलं.

थोरल्याने मनातल्या मनात हिशेब केला. पगार वाढला होता, भाताचा भाव त्याहून वाढला होता. तरी तो म्हणाला, “मनोरे पाडून तांदूळ येणार आहे का?”

“नाही येणार. पण आषाढात ज्याने भात दिलं, त्याने आता हात मागितला. नाही म्हणायला तोंड कुठून आणू?”

महागाई सगळ्या मुलखात होती, दस्ता काही सगळीकडे उभा राहिला नाही. मला तरी त्याचं कारण या कोठ्यांत दिसतं.

पुढे दस्त्याच्या माणसांवर बक्षीस लागलं. पोलीस दारात आले, तेव्हा थोरलाच पुढे झाला. “भाऊ? गवत कापायला गेलाय, लांबच्या रानात.” धाकट्याचा ठावठिकाणा सांगा, कर्ज माफ करतो, असा सावकाराने निरोप धाडला, त्यालाही हेच उत्तर मिळालं.

2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. हिराजी पाटील आणि भाई कोतवाल तिथे गोळ्यांना बळी पडले. भाई तेव्हा 30 वर्षांचे होते. दरवर्षी त्या दिवशी सिद्धगडावर माणसं जमतात. तुम्ही गेलात तर मनोऱ्यांची गोष्ट कुणीही सांगेल. धान्यकोठीची मात्र आवर्जून विचारा.