अमानित्व : शेजारच्या दारामागचं शौर्य



आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या सातव्या श्लोकावर (काही प्रतींत तो आठवा आहे). ज्ञान कशाला म्हणायचं, हे सांगताना भगवंत गुणांची मोठी यादी देतात. त्यात अहिंसा आहे, क्षमा आहे, गुरुसेवा आहे. पण पहिलाच शब्द आहे अमानित्व. लोकांनी मला मान द्यावा, ही अपेक्षाच मनात नसणं.

गंमत बघा, हे सांगितलं जातंय कुणाला? अर्जुनाला! नावाजलेल्या धनुर्धराला, तेही रणांगणावर. म्हणजे पराक्रम आणि अमानित्व एका माणसात सुखाने राहू शकतात. माउलींनी ज्ञानेश्वरीत या एका शब्दावर कितीतरी ओव्या खर्च केल्यात. कौतुक झालं की ज्याला ओझं वाटतं, जो आपलं मोठेपण झाकून ठेवतो, असा माणूस ते तिथे उभा करतात.

असा माणूस खरंच असतो का? आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. कारखान्यात मशीनमध्ये गेली असतील, असंच सगळे धरून चालायचे. नोव्हेंबरमध्ये पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो मोबाईलवरून भरायला त्यांनी मला बोलावलं. कागद बघताना एका ओळीवर नजर थांबली : शौर्यपदकाचा भत्ता. काका सॅपर होते. १९७१ च्या युद्धात सुरुंग काढायचं काम केलेले.

सॅपर म्हणजे काय, ते एका उदाहरणातून कळेल. बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. एप्रिल १९४८ मध्ये नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करायचा होता. वाटेत सुरुंग, आडवी पाडलेली झाडं, वरून गोळीबार. सुरुवातीलाच त्यांच्या तुकडीतले जवान गेले, ते स्वतः जखमी झाले. तरी पुढचे तीन दिवस ते वाट मोकळी करत राहिले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. मागून येणाऱ्याचा पाय सुखरूप पडावा, म्हणून आपला हात आधी सुरुंगाकडे न्यायचा, हे सॅपरचं काम.

मी विचारलं, "काका, इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

ते म्हणाले, "अरे बाळा, मी परत आलो. माझ्या बाजूला काम करणारे दोघं नाही आले. आता ह्यात माझं म्हणून काय सांगू?"

मंडळी, हे ऐकल्यावर अमानित्वाचा अर्थ मला वेगळा लागला. आपल्याला वाटतं, नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं. काका स्वतःला कमी लेखत नव्हते. त्यांच्या मोजमापात ते दोघंही होते, एवढंच. ज्याला आपल्याबरोबर उभे असलेले दिसतात, त्याला एकट्याने हार घालून घेणं जमत नाही.

आणि आपण? एक झाड लावलं तरी स्टेटस, अन्नदान केलं तरी रील. चांगलं काम सांगूच नये असं नाही. त्यातून दुसऱ्यालाही प्रेरणा मिळते. पण कुणी लाईक केलं नाही तर तेच काम उद्या परत करू का? हा प्रश्न स्वतःला एकांतात विचारायचा.

आजचे दोन छोटे संकल्प :

१. आज एक चांगलं काम असं करायचं, जे घरातसुद्धा कुणाला सांगायचं नाही. फक्त पांडुरंगाला ठाऊक.

२. ओळखीत कुणी माजी सैनिक असतील तर जाऊन बसा. "किती जणांना मारलं?" असं विचारू नका, मोबाईलही खिशातच राहू द्या. "तुमच्यासोबत कोण कोण होतं?" एवढंच विचारा. नावं सांगितली तर मन लावून ऐका. नाही सांगितली, तर चहा घ्या आणि गप्प बसा. तीही सेवाच आहे.

विठ्ठला, आमच्या वाटेतले सुरुंग कुणीकुणी काढले, हे आम्हाला दिसू दे. आणि कुणासाठी वाट मोकळी करायची वेळ आली, तर मागे वळून टाळ्या शोधायची बुद्धी देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!