भंगाराला मालक असतो

'फॉलआउट' या व्हिडिओ गेम मालिकेतलं जग अणुयुद्धात संपलेलं असतं; खेळणाऱ्याचा बराचसा वेळ मात्र कपाटं उचकण्यात जातो. २०१५ च्या 'फॉलआउट ४' मध्ये टेबलफॅन मोडला की स्क्रू, गिअर आणि पोलाद मिळतं. त्यातून हत्यारं सुधारायची, वस्ती उभारायची. ओझं मर्यादेबाहेर गेलं की धावता येत नाही, तरी माणूस आणखी एक पंखा उचलतोच. शत्रू मारण्यापेक्षा यातच रमणारे पुष्कळ आहेत, मीही त्यांतलाच.

हा हावरटपणा आहे, हा आरोप मला पटत नाही. वस्तूत दडलेला माल ओळखणं हे कसब आहे, आणि आपल्या भंगारवाल्याकडे ते या खेळांच्या कितीतरी आधीपासून आहे. जळक्या मोटरीत तांबं किती, नळ पितळेचा की नुसता मुलामा, हे तो हातात घेऊन सांगतो. खोट आहे ती दुसरीकडे. खेळातल्या बहुतेक भंगाराला मालकच उरलेला नाही. असला तर सांगाडा होऊन खुर्चीत बसलेला, आणि तो भाव करत नाही.

खऱ्या भंगाराचं तसं नाही. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातले १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७०-७१ च्या सुमारास आले आणि आयुष्य संपल्यावर बंद पडले. २१० मेगावॅटचे तीन त्यांच्यानंतरचे. असा मोडीत निघालेला संच खेळ रचणाऱ्याला स्वप्नातच मिळायचा. पण सरकारी कंपनीचा साधा बोल्टसुद्धा बेवारस नसतो; तो वहीत चढलेला असतो, कुंपणाआड असतो.

वीज केंद्रांतल्या राखेची गोष्ट याहून बोलकी. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के, आणि देशभर ती वर्षानुवर्षं तळ्यांत साचत राहिली. १९९९ मध्ये केंद्र सरकारने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना राख वापरणं बंधनकारक केलं आणि ती किमान दहा वर्षं फुकट द्यायला सांगितलं. विटा आणि सिमेंटवाल्यांकडून मागणी वाढली. मग २००९ च्या दुरुस्तीने राख विकायची मुभा आली, आणि कोरड्या राखेतला वीस टक्के वाटा वीट-उत्पादकांसाठी फुकट राखून ठेवावा लागला. कालपर्यंत कुणालाही नको असलेल्या धुळीच्या वाटण्या कायद्यात लिहिल्या गेल्या.

प्रलय खेळातून आणखी एक गोष्ट पुसून टाकतो : कमीपणा. सगळं जगच उकिरडा झालं की उकिरडा चिवडणारा हलका ठरत नाही. आपल्याकडे हे काम मुख्यतः दलित बायांच्या वाट्याला आलं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ती याला काम म्हणा, आम्हाला ओळखपत्र द्या, असं सांगत. तिच्यातूनच निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी घरोघरचा कचरा उचलण्याचा करार केला. तो टिकवण्यासाठी पुढे पुन्हा पुन्हा झगडावं लागलं. सुक्या कचऱ्याला भाव आहे म्हटल्यावर ठेकेदारही येणारच.

'फॉलआउट'मध्ये दुसऱ्याच्या वस्तूवर बोट ठेवलं की चोरीची सूचना लाल अक्षरांत दिसते. म्हणजे यंत्रणा तयार आहे. ती अक्षरं एकदा उकिरड्यावरच्या प्रत्येक पुठ्ठ्यावर उमटवून बघावीत, गेटवर एक वॉचमन ठेवावा, ओल्या पुठ्ठ्याचा भाव पाडणारा दुकानदार ठेवावा. मी तो खेळ विकत घेईन. बाकीचे किती घेतील, याची शंकाच आहे.