देहांतर आणि उत्तरदायित्व

एखाद्या राजपुत्राचा आत्मा, गतायुष्याच्या सर्व स्मृतींसह, एका दरिद्री मोच्याच्या देहात शिरला, तर त्या देहात वसणारा पुरुष कोण, हा प्रश्न इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मानवी आकलनाविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत उपस्थित केला. त्याचा निवाडा असा की, जगाच्या दप्तरी तो मोचीच राहील. परंतु ज्या अर्थी जाणीव राजपुत्राची आहे, त्या अर्थी व्यक्ती राजपुत्रच, आणि जाब द्यावयाचा तोही त्याच्याच कृत्यांचा. आपल्याकडील 'शंकरदिग्विजया'त आद्य शंकराचार्य मृत अमरुक राजाच्या देहात प्रवेश करून राजभोगांत इतके रमतात की, स्वस्वरूपाची आठवण शिष्यांना करून द्यावी लागते. लॉकच्या कसोटीने, विस्मरणाच्या त्या अवधीत आचार्य हे आचार्य उरलेच नाहीत. अद्वैताला मात्र हे मान्य नाही, कारण स्मृती ही अंतःकरणाची वृत्ती, आणि तिचा उदयास्त पाहणारा साक्षी सर्व देहांत एकच. तथापि साक्षी एक म्हणून मोच्याची उपासमार आणि राजपुत्राचा विलास यांचा जमाखर्च आपोआप मिटत नाही. उलट, सर्वांभूती एकच आत्मा मानणाऱ्यावर, देह न बदलताही, परक्याचे दुःख आपले मानण्याची जबाबदारी अधिक कठोरपणे येऊन पडते. ती जो टाळतो, त्याचे अद्वैत केवळ शाब्दिक होय.